काळ्याचा ढोल

आमच्या सणसरच्या गजी मंडळाच्या, म्हणजे धनगरी नाच करणाऱ्यांच्या, ढोलाला विकतचं कातडं चालत नसे. गावातल्या धनगरानं आपल्या कळपातलं द्यायचं आणि ढोल मढवून झाला की पहिली थाप त्यानंच मारायची, एवढाच काय तो मान. पावती नाही, पाटी नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर निदान देणगीदाराचं नाव तरी असतं. लाइट गेली की वाचता येतं.

पण कॅनॉलच्या पाण्यानं ऊस वाढत गेला, चरायची रानं आटत गेली आणि नव्वद सालापर्यंत कळपांच्या जागी ट्रॅक्टर उभे राहिले. गावातल्या आप्पा धनगरांनीही मेंढरं विकली. मागे ठेवला तो फक्त काळ्या नावाचा एक बोकड. मंडळाला शब्द दिला, "ह्यो ढोलाचा. पर सुरी लावायची न्हाय. आपसूक मरंल तवा कातडं तुमचं."

काळ्यानं हे ऐकलं असावं. त्यानं मरायचं नावच काढलं नाही. आप्पा आपल्या ताटातली चतकोर भाकरी रोज त्याला घालत.

"म्हातारी जेवली का, कंदी इचारलंय का?" त्यांची बायको साखरबाई म्हणत. "फुडच्या जल्मी शेरडूच व्हते मी."

मंडळाचे संभाजीराव जाता-येता अंगणाशी थांबून चौकशी करत. "आप्पा, तब्येत कशी हाय?"

"गुडघं लई दुखत्यात बघा."

"तुमची न्हाय वो. काळ्याची!"

सत्त्याण्णवच्या यात्रेच्या महिनाभर आधी जुना ढोल फाटला. आबासाहेब बागायतदारांनी बारामतीहून कातड्याऐवजी फायबरचं पान लावलेला नवा ढोल देऊ केला. अट एकच, त्यावर त्यांचं नाव ठसठशीत रंगवायचं. संभाजीराव मान खाली घालून आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोरं म्हंत्यात, घिऊन टाकू. यात्रा मुकी जायाची न्हायतर."

आप्पांनी काळ्याला दोन शिंगांच्या मधे अंगठ्यानं खाजवलं. मग म्हणाले, "शबुद माझा हाय. आबासाहेबास्नी न्हाय म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दावं धरून निघाले. काळ्याला वाटलं, चरायला चाललोय. तो आप्पांच्या पुढे पुढे, उड्या मारत संभाजीरावांच्या दारापर्यंत गेला.

यात्रेच्या दुपारी नवा ढोल देवळापुढे आला. डोईला रुमाल बांधलेले गजी रिंगण धरून उभे राहिले.

"आप्पा, मारा थाप."

आप्पांनी हात उचलला आणि हलकेच पानावर ठेवला. दोन शिंगांच्या मधे खाजवावं, तसं अंगठ्यानं खाजवलं. आवाज झालाच नाही. कुणी हसलं नाही. एरवी आमच्या गावाला हसायला निमित्त लागत नाही.

"झाली माझी थाप," ते म्हणाले. "वाजवा आता."

आणि ढोलाकडे पाठ करून पायरीवर बसले. ढोल असा घुमला की पार लासुर्णे गावापर्यंत ऐकू गेला असेल. संभाजीराव हरखून ओरडले, "आप्पा, काय बोलतुया बघा!"

"जित्ता व्हता तवाबी असाच वरडायचा," आप्पा म्हणाले.

पावसाळ्यात ओलीनं कातडं सैल पडतं, म्हणून आप्पांनी आपलं एकुलतं घोंगडं नेऊन ढोलावर पांघरलं. साखरबाईंनी टोमणा मारला नाही. आपल्या वाकळेचा अर्धा भाग तेवढा त्यांच्याकडे सरकवला. आप्पांच्या ताटात मात्र रोज चतकोर भाकरी उरायची, आणि ती उचलायला दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होत नसे.