कोरे मजले

२००८च्या मंदीत माझी नोकरी गेली, पण घरी सांगायची हिंमत नव्हती. रोज टाय लावून मी दुबई मरीनाच्या बाकावर जाऊन बसायचो. तिथे रत्नागिरीकडचे एक चाचा समोरचा अर्धवट टॉवर जलरंगात काढत असायचे. कोऱ्या जागेच्या कडेला ब्रश आला की ते श्वास रोखायचे. वरचे मजले त्यांनी कोरेच सोडले होते. मला वाटलं, पांढरा रंग संपला असेल.

"पांढरा आणून देऊ का?" मी विचारलं.

"पांढरा कागदाचाच असतो, भाऊ. तोही झाकून टाकला तर उजेड कुठून आणणार?" टॉवरकडे बघत ते म्हणाले, "तिथे दिवे लागतील, इन्शाल्ला."

त्या दिवशी मी दुपारीच घरी गेलो. बायकोने दार उघडलं आणि टाय सोडायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं.