मानाचा लाकडी बैल आणि रविवारचा सिनेमा

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, तो सिनेमा बघितलास का? हसून हसून पोट दुखलं की नाही?" मी "बघितला" एवढंच म्हणाले आणि बोलणं आजोबांच्या गुडघ्यांवर नेलं. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं. आता नीट सांगते. आधी सिनेमाचं, मग पोळ्याचं, कारण यंदा आमच्याकडे ही दोन्ही एकमेकांत अडकली.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. आजोबा खुर्चीत, मी पलंगावर आणि धाकटे आजोबा भिंतीला पाठ टेकून जमिनीवर. धाकटे आजोबा म्हणजे माझे दीर. मी लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा ते हाफ पँटमध्ये हिंडत होते, आता डोकं पांढरं झालंय. शाळेत ते तिसरीच्या पुढे गेले नाहीत. वाचता येत नाही, मोठे आकडे गोंधळतात, आणि एखादी गोष्ट मनात बसली की हलत नाही. अशा माणसांसाठीचे शब्द माझ्या देखत तीन-चारदा बदलले. सरकारी दाखल्यावर एक, डॉक्टरांच्या तोंडी दुसरा, गल्लीतला तिसरा तर मी लिहीत नाही. घरात मी त्यांना भाऊजी म्हणते आणि ते मला वैनी.

तुमच्या त्या सिनेमात श्रीमंत बापाचा एक मोठा मुलगा आहे. वयानं तिशीचा, पण डोक्यानं लहान. आखूड चड्डी, तोंडात लॉलीपॉप, हातात प्लास्टिकची मोटार. तो येतो तेव्हा मागे एक विचित्र पिपाणी वाजते. जो येईल तो त्याच्या डोक्यात टपली मारतो. शेवटी हाच मुलगा काहीतरी भोळं वाक्य बोलतो आणि सगळं खानदान रडतं. म्हणजे अडीच तास टपल्या आणि मग दहा मिनिटं देवपण.

मला हसायचं वावडं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी विनोदी नाटकंच जास्त आवडीनं शिकवली. पण त्या मुलाला सिनेमात काही कामच नाही. त्याला कशाचा कंटाळा येत नाही, तो कुणावर खेकसत नाही, वांग्याची भाजी नको म्हणत ताट सरकवत नाही. भाऊजी हे सगळं करतात, बहुतेक एकाच दिवशी. आणि त्यांनी आजवर आमच्यापैकी कुणाला भोळं वाक्य बोलून शहाणं केलेलं नाही. ते आमच्या वाट्याची जिलबी संपवतात.

सिनेमा भाऊजींनी शेवटपर्यंत पाहिला. पोलीस चिखलात घसरून पडले तिथे ते खदखदून हसले. टपल्यांच्या वेळी मात्र डोक्यावर हात ठेवून बसले होते.

मग पोळा जवळ आला. आपल्याकडे खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलांचा. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात, तोरणाखाली रांग लावतात, आणि पोळा फुटला, म्हणजे तोरणाखालून बैल सुटले, की ते घेऊन घरोघरी फिरून बोजारा मागतात, म्हणजे खाऊ किंवा चार पैसे. आपल्या घरचा बैल सागवानाचा. आजोबा जन्मले तेव्हा तुमच्या पणजोबांनी लालबर्रा गावच्या सुताराकडून करून घेतलेला. आजोबा मोठे झाले आणि त्यांनी तो सोडला. भाऊजींनी सोडलाच नाही. दर वर्षी ते आठवडाभर आधी ओट्यावर बसतात, बैलाला तेल पाजतात, शिंगं रंगवतात, बेगड चिकटवतात. मोहल्ल्यात हाच बैल सगळ्यांत जुना, म्हणून तोरणाखालून तो पहिला जातो. खऱ्या पोळ्यात पाटलाचा बैल जसा आधी जातो, तसा आमच्याकडे हा. जुन्या लोकांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. लहानपणी त्या सगळ्यांनी भाऊजींच्या मागेच आपापले बैल ओढले आहेत.

पण शेजारच्या घरात यंदा नवे भाडेकरू आले. तरुण माणूस, बँकेत नोकरी, एक छोटी मुलगी. स्वभावानं वाईट नाही. भाऊजी ओट्यावर बैलाची शिंगं रंगवत होते आणि हा स्कूटर काढत होता. म्हणाला, "अरे चाचा! बिलकुल वो पिक्चरवाले लग रहे हो! लॉलीपॉप कहाँ है?"

आणि हसत निघून गेला. त्याला वाटलं, यांना काय कळणार. मी आत भाजी निवडत होते. बाहेर आले तर भाऊजी ब्रश धूत होते आणि बैलाचं एकच शिंग रंगलेलं होतं.

"काहून हो भाऊजी, दुसरं राह्यलं ना?"

"मी नाही जात पोळ्याले."

"काहून?"

"लोक त्या पिक्चरवाल्याले हासतेत. मी तो नाही."

एवढं बोलून त्यांनी बैल उचलला आणि कपाटामागे नेऊन ठेवला. मी समजावलं, आजोबांनी समजावलं. ते हलले नाहीत. वर्षभर ज्या एका दिवसाची ते वाट पाहतात, तो त्यांच्या हातून निघून जात होता, आणि एकदा गेला की पुढच्या वर्षी परत येईल याची मला खात्री नव्हती.

आजोबा मला आत म्हणाले, "राहू दे. नाही गेला तर बरंच आहे. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल असतात. कोणी व्हिडिओ काढेल, त्यावर तीच पिपाणी लावेल."

त्यांचं अगदी चूक नव्हतं. तरी मला ते पटलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी रोगराई हाकलायचा नारबोदचा पुतळा आरडाओरड्यात गावाबाहेर गेला. दुपारी मुलं दारात आली. "काका, चला ना! तुमचा बैल नाही आला त पोळा फुटन कसा?"

भाऊजी आतूनच ओरडले, "बैल न्या! मी नाही येत!"

पण मुलांच्या हाती बैल द्यायला ते तयार होईनात. चाक मोडतील म्हणाले. मग बैल न्यायचा कुणी? भाऊजींनी खूप विचार केला. "बैलाचा मान हाय," ते म्हणाले, "त्याले जा लागते. दादा नेईन."

आजोबा दचकले. "मी? या वयात? लोक काय म्हणतील?"

मी भाऊजींकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते.

"मंग वैनी, तुमी न्या."

अशा रीतीनं तुमची आजी, निवृत्त प्राध्यापिका, इस्त्रीची साडी नेसून, एकच शिंग रंगवलेला बैल दोरीनं ओढत मोहल्ल्याच्या मैदानावर गेली. तोरण बांधलेलं होतं. मुलांची रांग होती, नटलेले, झुली घातलेले बैल होते. मी रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले. लोक हसले. चांगलेच हसले. माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आप? अटेंडन्स लगेगी क्या?" शेजारचा तरुण आपल्या मुलीला घेऊन आला होता, त्यानं खरंच मोबाइल काढला. मी आधी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, मग मीही हसू लागले. करणार काय!

तेवढ्यात मागून आवाज आला.

"वैनी! असा नाही पकडत दोर! ढिल्ला सोडा! बैलाची मान अखडली, पाहा!"

भाऊजी लांबून, मैदानाच्या फाटकाशी उभं राहून पाहत होते. ते घरी बसले असतील असं मला वाटलं होतं, पण ते बसलेच नव्हते. मी दोर ढिला सोडला, तर बैल घसरून मागच्या मुलाच्या बैलावर आपटला. मैदानभर हशा. भाऊजी तरातरा चालत आले, त्यांनी माझ्या हातातून दोरी ओढून घेतली.

"तुमाले काहीच येत नाही!"

"हौ, नाही येत," मी म्हणाले.

"सरका बाजूले. आणि हासू नोका. बैल बुजते."

हे शेवटचं त्यांनी सगळ्या मैदानाला सांगितलं. लोक आणखी हसले, पण माझ्याकडे पाहून. शेजारच्या तरुणाकडे भाऊजींनी मोर्चा वळवला. त्याची मुलगी बैल घेऊन रांगेच्या आडवी उभी होती. "हिचा बैल सीधा करा. मोबाइल मंग पाहा." त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि वाकून बैल सरळ केला. "ऐसे, चाचा?" "आणखीन थोडा. हं."

मग "हर हर महादेव" झालं, एका शिंगाचा आमचा बैल तोरणाखालून पहिला गेला, आणि पोळा फुटला. भाऊजी मुलांच्या पुढे घरोघरी फिरले. शेजाऱ्यांकडेही गेले, बोजारा मागून घेतला, आणि त्या छोट्या मुलीलाही दोन घरं जास्त फिरवून आणलं. शेजारणीनं दिलेला लाडू त्यांनी तिथेच दारात उभ्यानं खाल्ला.

दिवेलागणीला घरी आले तेव्हा आजोबा ओट्यावर वाट पाहत होते. भाऊजींनी पिशवी त्यांच्यापुढे ओतली. चॉकलेटं, चिवड्याच्या पुड्या, नाणी. आजोबांना एक पुडी मिळाली. मी हात पुढे केला.

"मले?"

"तुमाले काहून? तुमी त बैल आपटला."

मी आजोबांकडे पाहिलं, ते मिशीत हसत होते. भाऊजींनी बराच विचार करून एक चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं, जे त्यांना स्वतःला आवडत नाही ते. मग ओल्या फडक्यानं बैलाची चाकं पुसायला बसले. मान वर न करता म्हणाले, "येत्या पोळ्याले तुमी घरीच बसा, वैनी. मी एकटाच जातो."