पुरुषोत्तमरावांचा चव्वेचाळीसचा हंगाम

आमचे सासरे पुरुषोत्तमराव फेब्रुवारी २०२०च्या शेवटी नागपूरहून सहा आठवड्यांसाठी आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला आमच्या घरी आले, आणि मग जगातली विमानंच बंद पडली. घरापासून दोन किलोमीटरच्या आत राहायचा सरकारी हुकूम निघाला. सासरे माझ्यापासून दोन फुटांच्या आत राहिले. डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावावीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी उगाच किती हसते, याबद्दल त्यांचं मार्गदर्शन मला फुकट मिळू लागलं.

सिंचन खात्यात नोकरी आणि रविवारी क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग अशी तेहेतीस वर्षं त्यांनी काढली होती. नोकरीबद्दल ते कधी बोलत नाहीत. स्कोअरिंगबद्दल कधी थांबत नाहीत. बारा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात भटजी मुहूर्ताची वाट बघत होते, तेव्हा सासरे मला लेगबायचे नियम समजावून सांगत होते.

माझ्या ऑफिसातला डेल हा अमेरिकन माणूस. जुन्या बेसबॉल सामन्यांचे कागद कॉम्प्युटरमध्ये चढवणाऱ्या हौशी मंडळींचा तो म्होरक्या. त्याला माणसं हवी होती. मी मोठ्या मनाने सासरे देऊ केले.

त्यांच्या वाट्याला आली १९४४ सालातली, अमेरिकेतल्या एका आडगावची व्यावसायिक टीम. व्यावसायिक म्हणायचं ते पगार मिळे म्हणून. धड खेळाडू सगळे युद्धावर गेले होते. उरले होते जाड भिंगांचे, सपाट पायांचे आणि पन्नाशीला टेकलेले. एकशे चाळीस सामन्यांत अठ्ठ्याण्णव हरले. सासऱ्यांना बेसबॉलचा गंध नव्हता. दोन व्हिडिओ बघून तोही प्रश्न त्यांनी निकालात काढला.

मग रोज जेवताना आम्हाला युद्धाच्या बातम्या मिळू लागल्या.

"आज त्याईचा पिचर बी गेला फौजेत," ते माझ्या नवऱ्याला, ज्ञानेशला, गंभीरपणे सांगत.

"आबा, दॅट वॉज लाइक सेव्हन्टी-सिक्स इयर्स अगो," आमची तन्वी म्हणे.

"मंग? बॉल टाकाले माणूस नाई न त्याईच्याकडे!"

तन्वी आयरिश पोरांसारखं "ग्रँड", म्हणजे बरं बरं, म्हणून वरण वाढून घेई.

त्यांचा लाडका होता क्लाइड मोझर. वय त्रेचाळीस, दिवसा लाकडाच्या वखारीत काम, संध्याकाळी बॅटरच्या मागे बसून चेंडू अडवायचे. एक्केचाळीस सामने खेळला आणि बॅटने सात हिट्स मारल्या, म्हणजे सातदा चेंडू टोलवून बेस गाठला. प्रत्येक हिटला मला शिरा करावा लागे. क्लाइड बिचारा फार खेळत नव्हता, हे माझं नशीब.

डिसेंबरात हंगाम संपला आणि डेल हर्षाने वेडा झाला. इतकी हरलेली ही टीम, पण फलंदाजीत अख्ख्या लीगमध्ये पहिली! त्याने यावर लेख लिहायला घेतला. मग जानेवारीत एकाने मूळ कागद तपासले, तेव्हा डेलचा आवाज खाली आला.

झालं असं होतं की बेसबॉलमध्ये फील्डरने चेंडू सोडला आणि बॅटर बेसवर पोचला, तर ती हिट धरत नाहीत. चूक फील्डरच्या नावावर जाते. सासऱ्यांना हे पटलंच नव्हतं. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तरी रन फलंदाजाचेच. त्या न्यायाने त्यांनी मूळ स्कोअररवर मात करून दोनशे अकरा हिट्स सढळ हाताने वाटल्या होत्या. युद्धाला पंचाहत्तर वर्षं उलटल्यावर इतकी मदत त्या गावाला कुणीच केली नसेल.

सासरे दोन दिवस जेवले नाहीत. स्कोअरशीटमध्ये चूक, तीही त्यांची! तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मीच काढतो एकेक."

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. इतर सगळे उरकले होते, क्लाइड उरला होता. त्याच्या सातही हिट्स म्हणजे दुसऱ्यांच्या चुका निघाल्या. सहा त्यांनी काढल्या होत्या. सातवीवर येऊन ते थांबले होते.

"राहू द्या ना बाबा एक," कुणीतरी म्हणालं. ती मीच होते. "डेलला मी सांगते, कागद पुसट होता."

"काहून? बाकीच्याईनं काय घोडं मारलं?"

"अहो, पण एक्केचाळीस सामने आणि हिट एकही नाही! कसं वाटेल त्याला?"

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "एक्केचाळीस वेळा त्याले कोणीतरी म्हटलं, चल, उतर. माणसं नव्हती म्हणून म्हटलं, पण म्हटलं न. मी तेहेतीस वर्षं दर रविवारी बूट घेऊन जात होतो. कितीकदा आमचे दहाच पोट्टे येत. दहाच खेळले. पुरुषोत्तम, तू उतर, असं एकानंही नाई म्हटलं. त्याचा शून्य मले दिला असता, तर मी फ्रेम करून लावला असता."

आणि त्यांनी सातवी हिट काढली. क्लाइड मोझर, सामने एक्केचाळीस, हिट्स शून्य. मग खुर्ची सरकवून मला जागा करून दिली, कारण दुरुस्ती दुसऱ्या कुणीतरी तपासावी लागे आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव हवं होतं.

मी नाव टाइप केलं. बारा वर्षं मी त्यांचं स्कोअरिंग ऐकत होते. तुम्हाला खेळायचं होतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.