हाताची सोनोग्राफी

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. आता बोटंही पेन नीट धरत नाहीत. तरी लिहिते, कारण चार बायकांत मला तोंडानं बोलता येत नाही, आणि सकाळी उठल्यावर जिची मूठ वळत नाही तिला हे कळायला पाहिजे.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे तुमचं मनगट. ही पांढरी रेघ म्हणजे हाड. इथं तुटलीय, दिसतंय? आजारानं हाड खाल्लंय." याला इरोजन म्हणतात. उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तसा खड्डा होता. मी मान हलवली. मनात एकच आलं, आता मनीषा जाणार.

मनीषा माझी मुलगी, अकरावीला होती. आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊसतोडीला जातं. तिथं एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. मुकादम आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात, तीही जोडीलाच. माझे हात थांबले तर जोडी पुरी करायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

दुखणं मागच्या हंगामातच लागलं होतं. आधी भाकरी थापताना बोटं दुखली. मग पाण्याचा तांब्या हातातून सुटू लागला. सकाळी हात लाकडासारखे असायचे, उन्हं वर आल्यावर सैल व्हायचे. ऊस वाहून सगळ्याच बायकांचे हात दुखतात, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मनगटं फुगली तेव्हा मनीषानंच वडिलांना सांगितलं.

हंगाम संपल्यावर पहिल्यांदा बीडला गेलो, तिथं रक्त तपासलं. आर. ए. फॅक्टर, म्हणजे संधिवाताची एक खूण, ती आली नाही. ती न येताही हा आजार असू शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं आणि हातांची सोनोग्राफी करायला लावली.

त्या खोलीबाहेर सगळ्या पोटुशा बायका. भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही अशी पाटी. शेजारच्या बाईनं विचारलं, "कितवा हाय मावशी?" मी लाजून खाली बघितलं. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "हाताची करायचीय."

"हाताची? हातात लेकरू हाय का काय, मावशे?" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

आत मनगटावर गार लेप लावून यंत्र फिरवलं. दुखत नाही. पॉवर डॉपलर म्हणून एक बटण असतं, सूज पेटलेली असली की तिथं रक्त जास्त धावतं आणि पडद्यावर नारिंगी ठिपके दिसतात. माझ्या हातात ठिपके दिसले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज सूज फारशी नाही. पण त्रास वाढला तर थांबू नका, लगेच या."

बसस्टँडवर मालकांनी, म्हणजे मनीषाच्या वडिलांनी, गरम जिलेबी घेतली. "कायबी न्हाई निघालं. उगंच भ्यालो." त्या भरवशावर आम्ही जोडीची उचल घेतली आणि घरावर पत्रे टाकले.

श्रावणात हात पुन्हा फुगले. लगेच या म्हणाल्या होत्या, पण कागदावर काही नव्हतं, मग कशाला जायचं म्हणून राहिले. नवरात्र झाल्यावर वेणी घालता येईना, तेव्हा गेलो. या खेपेला दोन्ही मनगटं आणि बोटांची पेरं नारिंगी दिसली. सायनोव्हायटिस, म्हणजे सांध्याच्या आतलं अस्तर सुजणं. आणि ती तुटलेली रेघ.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवले. "मागच्या वेळी येण्याआधी काही घेतलं होतं का? गोळी, सुई?"

"घेतली की म्याडम," मालक म्हणाले. "आदल्या दिशी गावातल्या डॉक्टराकडं. हात लईच सुजलं होतं. म्हणलं, मोठ्या डॉक्टरापुढं जायचं तर जरा नीट दिसावं. यष्टीत दांडाबी धरता यावा."

आमच्याकडं असंच करतात. दवाखान्यात जाताना धुतलेलं लुगडं नेसतात, तशीच सुई घेतात. त्यांनी मायेनंच केलं. ती सुई स्टिरॉइडची होती. तिनं सूज काही आठवडे दबते, आजार आत चालूच राहतो.

"दादा, दुखणं झाकून आणल्यावर मला काय दिसणार?" त्या रागावल्या नाहीत. मलाच म्हणाल्या, "खाल्लेलं हाड भरून येत नाही. राहिलेलं वाचवू. पण मोळी उचलायची नाही."

म्हणून लिहिते. तपासणीला दुखता हात तसाच न्या. सुई घेतली असेल तर विचारायच्या आधी सांगा. मी तिथं बसले होते, मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड उघडलं नाही.

मुकादम ओट्यावर येऊन बसला. मालकांनी फोटो दाखवले. "ह्यात नुसतं काळंपांढरं दिसतंय," तो म्हणाला. "वैनी, हात तर दोन्ही हायत की!" मी हात पदराखाली घेतले. "अर्धा कोयता मला परवडत न्हाई. जोडी द्या, न्हाईतर उचल आणून टाका."

उचल पत्र्यांत गेली होती. आतून मनीषा म्हणाली, "मी जाते बाबासंगं. मला मोळी बांधता येती."

"आन् कॉलेज?" मालकांनी विचारलं.

"आये, तुझा हात वाचू दे आधी," ती माझ्याकडं बघून म्हणाली. मी तिला नको म्हणाले नाही.

दोघं ऊसतोडीला गेली. मी घरी राहून गोळ्या घेतल्या. मेथोट्रेक्सेट, सुजेचं मूळ दाबणारी गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. दुसऱ्या दिवशी मळमळायचं. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. थंडी सरता सरता सोनोग्राफीत ठिपके थोडेच उरले. खड्डा तेवढाच होता. मी पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंशी आपणहून बोलले, "बाई, मूठ वळती." त्यांनी माझी मूठ हातात घेतली. त्यांचे उपकार आहेत.

गुढीपाडव्यानंतर मनीषा आली. काळवंडली होती. बसली तशी मी तिचा हात ओढला आणि दवाखान्यात दाबतात तसं एकेक पेर दाबून बघितलं.

"आये, मला न्हाई गं काय झालं. नुसते फोड हायती."

मी सगळी बोटं बघितली, मग दुसरा हात घेतला. तिनं घेऊ दिला.

संध्याकाळी मालक मुकादमाकडून हिशेब करून आले. उचल सगळी फिटली.