अंधारलेला पडदा आणि ड्रममधले पाणी

"म्याडम, व्होल्टेज पडलं," म्हणत बॉयलर चालवणाऱ्या तात्यांनी मॉनिटर बंद केला.

व्होल्टेज पडले नव्हते. पडदा मीच अंधारवला होता.

नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातील एका साखर कारखान्यासाठी मी बॉयलरच्या कंट्रोल रूमचे सॉफ्टवेअर लिहीत होते. भौतिकशास्त्राच्या पदवीनंतरचा माझा पहिला स्वतंत्र प्रोजेक्ट. बॉयलरच्या वरच्या बाजूला पाण्याचे मोठे भांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. त्यातील पाणी फार उतरले की नळ्या कोरड्या तापून फुटतात. खाली भट्टीसमोर माणसे उभी असतात.

धोक्याची सूचना पडद्यावर चौकटीत येई. पण आकड्यांच्या गर्दीत ती हरवे. म्हणून चौकट उघडताच मागचे सर्व आकडे मी गडद करड्या रंगात टाकले. उजळ तेवढेच डोळा आधी पाहतो, हा त्यामागचा तर्क. टेबलावरील चाचणी उत्तम झाली होती.

मात्र या भागात चित्र मंदावले की वीज कमी झाली, एवढाच अर्थ होतो. मग प्रत्येक जण आधी यंत्र वाचवतो.

"तात्या, चालू करा. ती सूचना होती."

"जळंल की. घरचा टीव्ही असाच गेलाय माझा."

मी स्वतः बटण दाबले. जुना मॉनिटर तापायला वेळ घेतो. काचेपलीकडे भट्टीसमोर दोघे जण हसत बोलत होते. अखेर चौकट उमटली: ड्रममधील पाणी कमी. तात्यांनी तत्काळ दुसरा पंप सुरू केला. चीफ इंजिनियर साहेब आत आले.

"पाणी चढतंय का?"

कोणालाच सांगता येईना. पाण्याचा आकडाही मी अंधारात टाकला होता.

"तुमच्या अंधारात माझं पाणी कुठं गेलं, मॅडम?"

चौकट बंद केली, तेव्हा आकडा दिसला. पाणी चढत होते.

मी दुरुस्ती केली. पाण्याचा आकडा आणि वरची घड्याळाची पट्टी उजळच ठेवली. "आता कळतंय, लाईट हाय," तात्या म्हणाले. बाकीचे झाकून लक्ष वेधायचे असेल, तर झाकण्यापूर्वी त्यातील कशावर कोणाचा जीव अवलंबून आहे, हे तपासावे.

साहेबांनी फेरचाचणीला एकच अट घातली: त्या वेळी मी भट्टीसमोर उभे राहायचे.

मी उभी राहिले. तिथून पडदा दिसत नाही.