पाखरांचा स्पीकरवाला

शौकतचाचांनी पहिल्याच भेटीत माझं तोंड दाबलं होतं. म्हणजे खरोखरच, पंजाने. थंडीतली सकाळ होती, कळंब्याच्या तलावावर थापट्या बदकं उतरली होती आणि मी मेहुण्याला त्यांच्या चपट्या चोचीबद्दल माहिती देत होतो. आता मी चित्रकलेचा मास्तर. साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तलावावर आला म्हणून लहान होत नाही. तेवढ्यात मागून एक पांढऱ्या मिशांचा जाडजूड माणूस आला, त्याने एक पंजा माझ्या तोंडावर ठेवला, दुसऱ्याने मनगट धरलं आणि मला थेट बांधाखालच्या चहाच्या गाड्यापर्यंत चालवत नेलं. मेहुणा घाबरून मागोमाग. गाड्यापाशी आल्यावर त्याने हात काढला आणि चहावाल्याच्या हातातलं भांडं हिंदकळेल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "हां, आता बोला की पावणं! हितं काय बी बोला! मी शौकत मुल्लाणी, स्पीकरवाला!"

माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, "स्वतः एवढं ओरडता आणि माझं तोंड दाबता?"

"मी वरडतोय त्ये मलाच कळत न्हाय, म्हणून तर मी तकडं त्वांडच उघडत न्हाय," ते म्हणाले आणि माझ्यासाठी कट चहा सांगितला. "बांधाच्या वर जिभेला सुट्टी. खाली आलं की काय दंगा करायचा त्यो करा."

हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. गल्लीत बोलले की तीन घरं पलीकडे कळायचं आज मुल्लाण्याकडं मटण आहे की वांगं. तोच माणूस बांधावर चढला की मुका. तीस वर्षं त्यांनी लग्नं, जत्रा, मिरवणुका आणि कुस्तीची मैदानं वाजवली होती. आमच्याकडे स्पीकरच्या सेटला घरच्या पैलवानासारखा मान असतो. कुणाचा सेट कुठे दणकला आणि कुणाचा कुठे बसला याची चर्चा महिनाभर पुरते. चाचांच्या टेम्पोच्या मागे लाल अक्षरांत लिहिलेलं होतं : 'मुल्लाणीचा सेट. एकदाही बंद पडला नाही.' ही बढाई नव्हती. एकदा ऐन कुस्तीच्या मैदानात जनरेटर बसला, तर यांनी टेम्पोची बॅटरी जोडून माइक चालू ठेवला. निकाल पुकारणाऱ्याला पत्तासुद्धा लागला नाही.

पण त्या तीस वर्षांनी कान नेले. डॉक्टरांनी सांगितलं, उरलंसुरलं सांभाळायचं असेल तर सकाळी तरी शांत जागी जात जा. तसे चाचा तलावावर आले आणि पाखरांच्या नादाला लागले. मी एकदा विचारलं, ऐकू येत नसताना पक्षी बघण्यात काय मजा? आम्ही निम्मे पक्षी आवाजावरून ओळखतो. त्यावर ते म्हणाले, "सर, लग्नात, मशिदीत, दवाखान्यात, समदीकडं मी अर्धा माणूस. लोकं बोलत्यात, मी नुसती मान हलवतोय. हितं ऐकायचं काय कामच न्हाय. हितं मी अख्खा हाय."

बांधावर त्यांची स्वतःची खुणांची भाषा होती. तर्जनी शेपटीसारखी वरखाली नाचवली की परीट पक्षी. पालथा पंजा तोंडाला लावला की थापट्या. दोन बोटं लांब टांगा टाकत चालवली की शेकाट्या. चेहरा असा गंभीर, की बँकेत सही करताहेत. महिन्याभरात मीही त्या खुणा शिकलो, आणि माझ्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे माझी तब्येतही त्यामुळेच सुधारली, कारण रोज तासभर तरी मी गप्प बसू लागलो. ओठांवरून बोलणं ओळखण्यात मात्र चाचा पटाईत होते. त्यांच्याबद्दल समोर उभं राहून काही कुजबुजायची सोय नव्हती.

हिवाळ्यात येणाऱ्या सगळ्या पक्ष्यांना ते 'पावणं' म्हणत. नाव, जात, देश सगळं नंतर. "वर्साचं पावणं आल्यात," म्हणायचे, "आपण फकस्त दार उघडं ठेवायचं." आणि एका वर्षी तलावावर पट्टकदंब उतरले. हिमालयाच्या डोक्यावरून उडत येणारे हे राखी हंस आमच्यापैकी कुणीच कळंब्याला पाहिले नव्हते. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे. चाचांनी त्यासाठी नवी खूण काढली : दोन बोटं जोडून डोक्यामागे या कानापासून त्या कानापर्यंत ओढायची. त्या दिवशी ते चहाच्या गाड्यावर आले ते रडतच. म्हणाले, "सर, येवढा डोंगर वलांडून आलंय. आमचा जावई गारगोटीवरनं यायचा म्हटलं तर आठ दिस इचार करतोय."

त्याच हिवाळ्यात आम्ही पक्षी महोत्सव ठरवला होता. आमचं मंडळ दहा-बारा जणांचं. अध्यक्ष आप्पासाहेब, दूध संस्थेत आयुष्य घालवलेले, मनाने उदार आणि गाजावाजाशिवाय घास न उतरणारे. सचिव मी. पुण्या-बेळगावहून लोक येणार होते, दिवसभर पक्षी बघणार होते, तलावाकाठच्या घरांतून त्यांना भाकरी आणि तांबडा-पांढरा रस्सा मिळणार होता, दुसऱ्या दिवशी राधानगरीच्या जंगलात नेणार होतो. उद्घाटनाला एक मोठे नेते यायचे होते. आप्पासाहेबांनी यादी काढली : फेटे, हलगी, फटाके, सेट. मी वाद घालून फटाके आणि हलगी रद्द करून घेतली आणि सेट राहू दिला. केवढी लढाई जिंकली असं मला वाटत होतं! वर सेटचं काम चाचांना मिळवून दिलं, तेव्हा तर मी स्वतःवर भलताच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी चाचा शाळेत आले. वर्ग चालू होता. दारातूनच त्यांनी तोंड उघडलं आणि साठ पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या.

"सर, सेट लावू नगासा! पावण्यास्नी बोलवायचं आन् कानात वरडायचं, ही कुठली रीत? पयल्या 'हॅलो'ला उडून जात्यात बगा. एकदा रुसली तर परत ह्या तळ्यावर पाय ठेवणार न्हाईत!"

मी त्यांना बाहेर घेतलं. सांगितलं की अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, आप्पासाहेब ऐकत नाहीत, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसऱ्या कुणाला सांगतील, तो याहून दांडगा सेट आणेल. चाचांनी माझ्या ओठांकडे बघत हे सगळं वाचलं. मग म्हणाले, "व्हय की. दुसरा आणंल. मग द्या मलाच." मी आगाऊ पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मला वाटलं, समजूत पटली.

उद्घाटनाच्या सकाळी सेट देखणा लागला होता. पलीकडच्या काठावर पट्टकदंब चरत होते. नेते आले, फेटे बांधले, आप्पासाहेबांनी घसा साफ करून माइक हातात घेतला आणि... काही नाही. टकटक केलं, फुंकर मारली, काही नाही. चाचा अॅम्प्लिफायरच्या मागे गेले, झाकण उघडलं, वायरी हलवल्या. मदतीला आलेल्या दोघांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. दहा मिनिटांनी घामाघूम होऊन उभे राहिले आणि मान हलवली. सेट बसला होता.

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "मुल्लाणी, नाद खुळा!" आप्पासाहेब लालबुंद झाले. "तीस वर्साचं नाव, आन् आजच बुडवायचं हुतं व्हय रं?" चाचा खाली बघत उभे होते. आणि मी, त्यांच्याबरोबर रोज सकाळी चहा पिणारा, दातओठ खात म्हणालो, "चाचा, कानांबरोबर आता हातही गेले का?" म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आलं की त्यांनी मान वर केली आहे आणि ते माझ्या ओठांकडे बघताहेत.

नेत्यांनी माइकशिवाय दोन वाक्यं बोलून बघितली, मग कंटाळून म्हणाले, "कुठं हायत ते पक्षी, दावा तरी." आम्ही शंभरभर माणसं बांधावरून गुपचूप निघालो. कुणाला काही बोलावंसं वाटत नव्हतं, फजितीच तशी झाली होती. पट्टकदंब जागचे हलले नाहीत. नेत्यांनी दुर्बिणीला डोळा लावला तो काढेचनात. त्यांच्या माणसाने पुढच्या कार्यक्रमाची तीनदा आठवण केली. पाहुणे भारावून गेले. चाचा मात्र तोवर टेम्पो भरून निघून गेले होते.

सेट बसल्याची बातमी चंदगडपर्यंत गेली. त्या मोसमातल्या बहुतेक जत्रा दुसऱ्यांनी वाजवल्या. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो, तर चाचा पॉलिश पेपरने टेम्पोच्या मागची लाल अक्षरं घासत होते. त्याच्या आदल्याच वर्षी ती अक्षरं मीच नव्याने रंगवून दिली होती. माझ्याच्याने पुढे जाववेना. त्यांची मुलगी रुबीना दारात आली आणि मला बाजूला घेऊन तिने चांगलंच फैलावर घेतलं.

"सर, सेटला काय झालेलं न्हाय. अब्बाचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात फ्यूज. त्यो बसवला तर सेट पयल्या झटक्यात वाजला. तुमच्या पाखरांपायी त्यांनी सोताचं नाव घालवलं, आन् तुमी त्यास्नी हात गेलं का म्हणून इचारलासा?"

मी तिथल्या तिथे चाचांपुढे जाऊन दोन्ही कान धरले. आयुष्यात इतकी शरम मला दुसऱ्यांदा वाटलेली नाही. चाचांनी घासणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटले. "सर, कान माझं गेल्यात, तुमी तुमचं कशाला धरलायसा?"

मी म्हटलं, मी आजच आप्पासाहेबांना, सगळ्या गावाला खरं सांगतो. तसं त्यांचं हसू गेलं. "मग माझं केल्यालं पाण्यात गेलं की. खरं कळलं तर फुडच्या वर्सी दुसऱ्याचा सेट आणतील. मुल्लाणीचा बसला, तर कुणाचा बी बसतोय, ह्या भ्यानं तरी गप ऱ्हातील. आवाज पाण्यागत असतोय सर. वतायला सोपा, भरून घ्यायला येत न्हाय. नाव काय, आज गेलं, उद्या गावंल." मग रुबीनाकडे बघून म्हणाले, "हिला बी सांगितलंय. मी हाय तवर गप."

आणि झालं तसंच. पुढच्या वर्षी आप्पासाहेब म्हणाले, "सेट नको बाबा, परत शोभा नको." उद्घाटन बिनमाइकचं झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बाहेरगावचे लोक येऊन कौतुक करू लागले की महोत्सव असावा तर असा, निःशब्द! आप्पासाहेब मिशीला पीळ देत सांगू लागले, "आमची पहिल्यापासनं हीच पद्धत हाय." लोकांना चाचांच्या खुणा इतक्या आवडल्या की बांधावर त्याच चालू लागल्या. चाचा गर्दीत सगळ्यात मागे उभे राहायचे. त्यांच्याकडे बघून मला हसू आवरत नसे आणि बघवतही नसे.

गेल्या श्रावणात चाचा आजारी पडले. दवाखान्यात गेलो तेव्हा उरलेलं ऐकणंही संपलं होतं. आम्ही खुणांनीच बोलत होतो. शेजारच्या खाटेवरचा पेशंट आमच्याकडे संशयाने बघत होता. चाचांनी दोन बोटं डोक्यामागून ओढली आणि भुवया उंचावल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरची चार पानं उलटून दाखवली. त्यांनी मोजली, आणि 'लांब आहे' अशी मान हलवली. दोन दिवसांनी ते गेले.

पट्टकदंब पाचव्या पानावर आले. महोत्सवाच्या सकाळी रुबीना पहिल्यांदाच बांधावर आली आणि बापाच्या जागी, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. थवा उतरला तेव्हा पुढच्या माणसाने दोन बोटं डोक्यामागून ओढली, मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्या मागच्याने. खूण तिच्यापर्यंत पोचली. तिनेही ती केली, आणि पदर तोंडाला लावून रडली. आवाज मात्र काढला नाही.

खाली चहाच्या गाड्यापाशी टेम्पो उभा होता. धंदा आता तीच बघते. तिने माझ्यापुढे लाल रंगाचा डबा ठेवला. "सर, अब्बा हुतं तवर गप बसले. आता ह्या बांधावर सेट आणायची कुणाची टाप न्हाय. लिवा तुमी."

मी ब्रश घेतला. 'एकदाही बंद' इथवर आलो असेन, तोच आप्पासाहेब बांधावरून खाली उतरले. चष्मा सावरून त्यांनी वाचलं. "सर, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत हे खरं. पण खोटं कशाला लिवलायसा? आमच्या म्होरंच बसला की सेट."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फ्यूज, खिसा, पॉलिश पेपर, सगळं. माझं 'हात गेले का'सुद्धा. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला होता. आप्पासाहेब टेम्पोच्या जवळ आले. मग त्यांनी डोक्याचा फेटा काढून हातात घेतला आणि, त्यांना कधी जमेल असं वाटलं नव्हतं इतक्या हळू आवाजात, म्हणाले,

"सर, त्यो 'एकदाही' जरा ठळक करा."