ताईनं मागे घेतलेली सिद्धता

आईचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या शाळेत दहावीचे पेपर तपासत होतो. “ताई उठून नाई राह्यली,” एवढंच ती म्हणाली. मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला घरी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय थांबलं होतं… दीड महिना झाला त्याला.

सुनंदाताई वर्ध्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. तिच्या संशोधनाबद्दल मी एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली, शहरातल्या माणसांचे ठिपके काढ, ओळख असेल तिथं रेघ जोड. आता सगळेच एकमेकांना ओळखतात असे पाच-पाच जणांचे गट किती, ते मोज. आमच्या मूळ गावाएवढ्या, वडनेरएवढ्या गावाचं काम कॉम्प्युटर चटकन करील. पण माणसं दुप्पट झाली की काम कितीतरी पटींनी वाढतं. ते कमी करणारी जवळची वाट आहे, की नाहीच, एवढाच तिचा प्रश्न होता.

काही वर्षांपूर्वी तिला तशी वाट सापडली. लेख स्वीकारला गेला, परदेशातून बोलावणं आलं, बाबांनी वडनेरला जाऊन भाऊबंदांत पेढे वाटले. तिकडे जायची तयारी करताना तिच्याच लक्षात आलं, की एका पायरीत काही गट दोनदा मोजले जातात, आणि ते वगळायला गेलं की वाचलेला सगळा वेळ तिथंच जातो. दुसऱ्या कुणालाही ते दिसलं नव्हतं. ती जेवता जेवता उठून पुन्हा कागदांकडे जायची. शेवटी तिनं लेख मागे घेतला.

“आता मी लोकायले काय सांगू?” बाबांनी विचारलं.

“सांगजा, पोरीनं सोताची चूक सोताच धरली.”

बाबांनी ते कुणालाच सांगितलं नाही. ताईशीही ते बरेच दिवस तुटक वागले. तिनं मात्र दुसऱ्याच दिवशी नवा कागद घेतला. अशी वाट नसेलच, तर ते तरी सिद्ध व्हावं, म्हणून ती अखेरपर्यंत झटत राहिली. ते झालं नाही.

अंत्ययात्रेला आलेले वडनेरचे एक काका तिच्या त्या शोधाचं कौतुक करू लागले. बाबांनी त्यांना थांबवलं. “नाई… तो तिनं मागं घेतला होता. सोताची चूक सोताच धरली पोरीनं,” ते म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदा रडले.

गेल्या आठवड्यात आई आणि मी तिची खोली आवरायला गेलो. टेबलावर, पलंगावर, खिडकीच्या कठड्यावर सुटे कागद पसरलेले. उन्हानं भिंतीसुद्धा तापल्या होत्या. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” आई म्हणाली, “कागद उडतीन.”

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि पदरानंच मला वारा घालू लागली.